अमेरिकेची एलिझाबेथ झाली कमलाबाई निंबकर. अधू हाताला काम शिकवणाऱ्यांची देशातली पहिली शाळा त्यांनी काढली

सुपा (ता. पारनेर) : निंबकर हे नाव आपल्या भागातल्या मेंढपाळाला तसं नवीन नाही. जुळी कोकरं देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी फलटणच्या ज्या संस्थेत तयार झाली, ती निंबकर कृषी संशोधन संस्था. बिनकाट्याच्या करडईचं बियाणंही त्यांचंच. ही संस्था १९६८ साली काढणारे बनबिहारी निंबकर २०२१ साली वारले, तेव्हा पेपरात त्यांच्या कामाविषयी बरंच छापून आलं. त्यांच्या आईविषयी मात्र गावाकडं कुणी फारसं बोलत नाही. खरं तर आईचं काम लेकाच्या कामापेक्षा कमी नव्हतं, आणि ते गावाशी तितकंच जोडलेलं होतं.

त्यांचं नाव कमलाबाई विष्णू निंबकर. जन्मनाव एलिझाबेथ लंडी, आणि जन्म अमेरिकेतला.

त्यांनी काय केलं हे कळायला आधी आपल्याच गल्लीत बघावं लागेल. कुणाची बोटं कडबाकुट्टीत गेलेली असतात. कुणाचा हात एमआयडीसीत प्रेस मशिनखाली आलेला असतो. कुणी नगर-पुणे रोडवर गाडीवरून पडलेला असतो. कुणी रात्री धडधाकट झोपतो आणि सकाळी उठताना कळतं की अंगावरून वारं गेलं. असं एखादं तरी घर प्रत्येक गावात आहे. डॉक्टर जीव वाचवतात, टाके घालतात, सळई टाकतात, गोळ्या लिहून देतात. डिस्चार्ज होतो, गाडी करून माणूस घरी येतो, आणि खरी अडचण तिथून पुढं सुरू होते. सदऱ्याचं बटण लागत नाही. घास तोंडापर्यंत जात नाही. संडासला बसता येत नाही. बाई असेल तर चुलीपुढं बसून रडते, कारण एका हातानं पीठ मळताना परात फिरते. गडी असेल तर धारा कोण काढणार म्हणून गोठ्याकडं बघत बसतो. घरचे मायेपोटी सगळं हातात आणून देतात, अन् महिन्या-दोन महिन्यांत तो माणूस खाटेचाच होऊन जातो.

रिपोर्ट नॉर्मल आलेला असतो, जखम भरलेली असते, पण माणूस कामाचा राहिलेला नसतो. हे मधलं अंतर भरून काढणारी एक वेगळी विद्या आहे. तिला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. मराठीत व्यवसायोपचार. या मराठी शब्दानं थोडा घोटाळा होतो, कारण व्यवसाय म्हटलं की लोकांना दुकान नाहीतर धंदा आठवतो. इथं व्यवसाय म्हणजे माणूस सकाळी उठल्यापासून रात्री पडेपर्यंत जे जे करतो ते सगळं. दात घासणं, अंघोळ, भाकरी, खुरपणी, पोराला कडेवर घेणं, शाळेत पाटीवर लिहिणं. ही कामं पुन्हा जमावीत म्हणून ती कामं करूनच उपचार करायचे, आणि जे अजिबात जमणार नाही त्यासाठी दुसरी रीत किंवा साधं अवजार शोधायचं.

ही विद्या शिकवणारी भारतातली पहिली शाळा १९५० साली मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये सुरू झाली. ती कमलाबाईंनी काढली.

क्वेकर घरातली पोर

एलिझाबेथचा जन्म १९०० सालचा. घर न्यू जर्सी राज्यातलं, पंथ क्वेकर. क्वेकर हा ख्रिस्ती लोकांमधला एक छोटा पंथ. साधे कपडे, कमी बोलणं, युद्धाला विरोध. प्रार्थनेलाही पुष्कळदा नुसते शांत बसतात. गुलामगिरीविरुद्ध जे गोरे लोक सगळ्यात आधी उभे राहिले, त्यांत हे होते.

या पंथाची आणखी एक गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. वेड लागलेल्या माणसांना साखळीनं बांधून ठेवायची रीत जगभर होती, त्या काळात इंग्लंडमधल्या यॉर्क गावी विल्यम ट्यूक नावाच्या क्वेकर व्यापाऱ्यानं १७९६ साली एक आश्रयघर उघडलं. तिथं माणसाला माणसासारखं वागवायचं, बागेत, शिवणकामात, घरकामात गुंतवायचं असं ठरलं. कामातून मन थाऱ्यावर येतं, हा अनुभव तिथं आला. व्यवसायोपचाराचं मूळ शोधत गेलं की लोक त्या घरापर्यंत येऊन पोचतात. एलिझाबेथ याच पंथात वाढली. पुढं तिनं जे हाती घेतलं ते तिच्या लोकांना अगदीच परकं नव्हतं.

अमेरिकेत तिची गाठ विष्णू निंबकर या मराठी तरुणाशी पडली. १९३० साली दोघांचं लग्न झालं. हे वर्ष मिठाच्या सत्याग्रहाचं. गावोगावी लोक तुरुंगात जात होते, परदेशी कापडाच्या होळ्या पेटत होत्या, आणि अशा वेळी एक गोरी बाई या देशात सून म्हणून आली. लंडी आडनाव गेलं, एलिझाबेथ नावही गेलं. ती कमला झाली. त्या काळात एखाद्या मराठी घरात दुसऱ्या जातीची सून आली तरी चार महिने गावात चर्चा चालायची, मग सातासमुद्रापलीकडची सून म्हणजे काय ते वाचणाऱ्यानं समजून घ्यावं. पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, बनबिहारींचा जन्म झाला.

पुढची काही वर्षं संसाराची. मग दुसरं महायुद्ध आलं.

चाळिशीनंतर पुन्हा बाकावर

युद्धानं अमेरिकेत व्यवसायोपचाराला फार महत्त्व आलं. हजारो तरुण सैनिक हात, पाय, डोळे गमावून परत येत होते. त्यांना पेन्शन देऊन कोपऱ्यात बसवणं सरकारलाही परवडणारं नव्हतं आणि त्या पोरांनाही नको होतं. तसं हे शास्त्र तिथं पहिल्या महायुद्धापासूनच उभं राहत होतं. त्याची पहिली राष्ट्रीय संघटना १९१७ साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन झाली, आणि त्याच सुमाराला फिलाडेल्फियात त्याची शाळा निघाली.

या फिलाडेल्फियाच्या शाळेत कमलाबाई १९४० च्या दशकात शिकल्या. वय चाळिशीच्या पुढं, संसार झालेला, आणि बाजूच्या बाकावर विशी-बाविशीच्या पोरी. हाडं, स्नायू, नसा, मनाचे आजार, आणि त्यासोबत विणकाम, सुतारकाम, टोपल्या विणणं असं सगळं शिकायचं. आपल्याकडं पन्नाशीला टेकलेल्या बाईनं कॉलेजात नाव घातलं तर आजसुद्धा लोक हसतात. कमलाबाई शिकून परत मुंबईला आल्या.

परळ तेव्हा गिरणगाव होतं. नगर, सातारा, रत्नागिरीकडून आलेले लोक गिरणीत तीन पाळ्यांत राबायचे, खोलीत दहा-बारा जण झोपायचे. पट्ट्यात हात सापडणं, बोटं तुटणं ही नेहमीची गोष्ट. क्षयरोगानं माणसं महिनोन् महिने अंथरुणाला खिळायची. पोलिओची लस अजून निघाली नव्हती, त्यामुळं लुळ्या पायाची लेकरं आयांच्या कडेवर दवाखान्यात यायची. केईएम हे १९२६ साली सुरू झालेलं महापालिकेचं हॉस्पिटल, गरिबांचं. इथं व्यवसायोपचाराला गिऱ्हाईक शोधावं लागणार नव्हतं. शिकवलेली माणसं मात्र देशात नव्हती.

एकटी बाई किती रोग्यांना पुरणार? म्हणून कमलाबाईंनी स्वतःच रोगी बघत बसण्यापेक्षा शिकवायचं ठरवलं. १९५० साली शाळा उघडली.

शिकवायचं म्हणजे काय शिकवायचं

इथं जरा थांबलं पाहिजे, कारण खरी गंमत आणि खरी अडचण दोन्ही इथंच आहेत.

शरीर कसं चालतं हे पुस्तकातून शिकवता येतं. कोणत्या नसेनं कोणतं बोट हलतं, हे पाठ करून परीक्षा पास होता येतं. पण समोर बसलेल्या माणसाला नेमकं काय परत हवंय, हे कोणत्याही पुस्तकात नसतं. ते विचारावं लागतं, आणि विचारायलाही शिकावं लागतं.

अमेरिकेतलं पुस्तक इथं जसंच्या तसं चालणार नव्हतं, हे कुणालाही कळेल. तिकडं माणूस खुर्चीवर बसतो, टेबलावर काट्या-चमच्यानं जेवतो, उभ्यानं स्वयंपाक करतो, पलंगावर झोपतो. इकडं मांडी घालून बसायचं, हातानं कालवून खायचं, उकिडवं बसून भांडी घासायची. धोतर नेसायचं, नऊवारी नेसायची. गुडघा पूर्ण दुमडला नाही तर तिकडच्या माणसाचं फार अडत नाही. आपल्याकडं संडासलाच अडतं. तेव्हा शिकणाऱ्या पोरीनं पुस्तक वाचायचं, आणि मग ते बाजूला ठेवून रोग्याच्या घराकडं बघायचं, असं दुहेरी शिक्षण लागतं.

या विद्येत विद्यार्थ्याला एक सवय लावतात. कोणतंही काम घ्यायचं आणि त्याचे बारीक तुकडे पाडायचे. भाकरीच घ्या. डब्यातून पीठ काढायला खांदा लागतो. मळायला तळहाताचा जोर लागतो. थापताना बोटं सरळ ठेवून मनगट हलवावं लागतं, तव्यावर टाकताना दोन्ही हातांचा अंदाज एकत्र यावा लागतो, आणि उलटताना चटका कळावा लागतो. आता वारं गेलेल्या बाईचं यातलं कुठं अडलं? परात फिरत असेल तर खाली ओलं फडकं घातलं की ती जागेवर राहते. अधू हातानं परात नुसती दाबून धरली, तरी तो हात कामात आला. हे सोपं वाटतं, पण नेमकं कुठं अडलंय ते कळल्याशिवाय सुचत नाही.

सदरा घालायचंही तसंच. अधू हात आधी बाहीत घालायचा, चांगला हात नंतर. काढताना उलट, चांगला आधी मोकळा करायचा. मूठ घट्ट आवळत नसेल तर खुरप्याच्या मुठीला चिंधी गुंडाळून ती जाड करायची, म्हणजे कमी ताकदीतही धरता येते. कुष्ठरोगात हाताला चटका कळत नाही, तिथं भांड्याला लाकडी मूठ किंवा जाड कापड हवंच, नाहीतर भाजून जखम होते आणि बोट जातं. यातल्या कशालाच मोठं मशिन लागत नाही.

आता चूक कशी होते तेही बघा. नवा विद्यार्थी हुशार असतो. पुस्तकात दिलंय म्हणून तो शेतकऱ्यापुढं रंगीत खुंट्या आणि मातीचा गोळा ठेवतो. बोटं हलवायला ते बरोबरच असतं. पण साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला वाटतं, हे मला बालवाडीत बसवतायत. तो दोनदा येतो आणि तिसऱ्यांदा येत नाही. विद्यार्थी वहीत लिहितो, रोगी सहकार्य करत नाही. इथं शिक्षकाचं काम सुरू होतं. त्या पोराला विचारायचं, आजोबा का आले नाहीत? तू त्यांना त्यांचं काम विचारलं होतंस का? एसटीचं भाडं कोण देतं? सोबत कोण येतं, त्याची रोजंदारी बुडते का? खुंट्यांच्या जागी दोरी वळायला दिली असती, शेंगा फोडायला दिल्या असत्या तर बोटांना तोच व्यायाम झाला नसता का? आणि पुढच्या वेळी तू काय बदलशील?

केलेल्या कामाकडं मागं वळून बघायचं, चूक कबूल करायची आणि बदलायचं. आजच्या कॉलेजांत या सवयीला मोठं नाव आहे, वह्या लिहून घेतात, गटात चर्चा घडवतात. पण गाभा तोच. आणि ही सवय वर्गात बसून लागत नाही, रोग्याजवळ बसूनच लागते. म्हणूनच या विद्येच्या जागतिक संघटनेनं १९५८ सालापासून शिक्षणाचे किमान नियम घातले. आज त्या नियमांत प्रत्यक्ष रोग्यांसोबत किमान १००० तास काम करण्याची अट आहे. कमलाबाईंनी शाळा हॉस्पिटलच्या आवारात काढली, ती सोय म्हणून असेल. पण त्यामुळं विद्यार्थ्याला वर्गातून उठून वॉर्डात जायला दोन जिने पुरत होते.

एक गोष्ट मात्र सोपी नव्हती. हात तपासायचा तर डॉक्टर, मालिश करायची तर वैद्य, आणि हे टोपल्या विणायला लावणारे कोण, असा प्रश्न लोकांनाच नव्हे तर दवाखान्यांनाही पडायचा. आजही पडतो. फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचार एकच, असं तर पुष्कळ शिकलेले लोकही समजतात. दोन्ही जवळचे आहेत, पण एक नाहीत. फिजिओथेरपीवाला खांदा मोकळा करतो, चालायला लावतो. व्यवसायोपचारवाला विचारतो, खांदा मोकळा झाला, आता डोक्यावर हंडा घेता येतो का?

संघटना, जग आणि पुस्तक

१९५२ साली देशातल्या व्यवसायोपचार तज्ज्ञांची संघटना स्थापन झाली. कमलाबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष. त्याच साली जागतिक संघटनाही जन्माला आली, आणि तिच्या पहिल्या दहा देशांत भारत होता. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांच्या पंगतीत, स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झालेला आणि एकाच शाळेच्या जोरावर उभा असलेला देश. हे लहान काम नव्हतं.

मुंबईनंतर नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातही हे शिक्षण सुरू झालं. कमलाबाईंनी आशियातल्या पुनर्वसनाच्या कामाविषयी इंग्रजी नियतकालिक चालवलं, अपंगांच्या नव्या आयुष्याविषयी पुस्तक लिहिलं. १९७९ साली त्या गेल्या.

आज काय आहे

केईएमची ती शाळा आजही चालू आहे. पूर्वीच्या पदविकेची आता पदवी झाली आहे. मुंबईत सायन आणि नायर हॉस्पिटलच्या कॉलेजांत, तसंच नागपुरात हे शिक्षण मिळतं. बारावी सायन्स, जीवशास्त्र घेतलेल्या मुला-मुलींना जाता येतं. चार वर्षं अभ्यास आणि त्यानंतर इंटर्नशिप. राज्यात या व्यवसायाची नोंदणी करणारी परिषद आहे, तिचा कायदा २००२ सालचा. २०२१ साली केंद्रानंही अशा सगळ्या पूरक वैद्यकीय व्यवसायांसाठी कायदा केला, त्यात व्यवसायोपचार आहे. नीट देऊन डॉक्टरकीला नंबर लागला नाही की आपल्याकडची पोरं नाराज होऊन घरी बसतात. त्यांच्या कानावर हे नाव फार वेळा आलेलंच नसतं.

शिकलेली माणसं शहरात जास्त आणि गावात कमी, ही अडचण आहेच. पण अगदी काहीच नाही असंही नाही. जन्मापासून हातापायाची, ऐकण्याची किंवा वाढीची अडचण असलेल्या मुलांसाठी जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभारली आहेत. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणारं आरोग्य पथक मुलांना तिकडं पाठवतं. ती चिठ्ठी घरात खुंटीला अडकवून ठेवू नये. मोठ्या माणसाला वारं गेलं असेल, तर हॉस्पिटल सोडतानाच डॉक्टरांना विचारावं की घरच्या कामासाठी कोण शिकवेल. पहिले काही महिने फार मोलाचे असतात, पुढंही सुधारणा होते पण वेग कमी होतो.

२७ ऑक्टोबर हा जागतिक व्यवसायोपचार दिन. त्या दिवशी कॉलेजांत कार्यक्रम होतात, कमलाबाईंचं नाव घेतलं जातं.

त्यांच्या नावाची आठवण मात्र एका वेगळ्याच ठिकाणी रोज घेतली जाते. फलटणला १९८६ साली मुलांची एक मराठी शाळा सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन याही मूळच्या अमेरिकन, इथं येऊन मराठी शिकलेल्या आणि इथल्याच होऊन गेलेल्या. शाळेला नाव दिलं कमला निंबकर बालभवन. सुप्याहून जायचं तर शिरूर, न्हावरा, चौफुला करत बारामती तालुक्यातलं दुसरं सुपे लागतं, मग मोरगाव, बारामती आणि पुढं फलटण. तिथं दप्तर पाठीला लावून पोरं रोज सकाळी त्या पाटीखालून आत जातात.